लांब पल्ल्याचें पोहणें व धर्मादाय निधि

खानदेशांतील आपल्या गांवांत पोहणें ही कांहीं नवलाची गोष्ट नाहीं. तापीकांठचा भोई व कोळी लहानपणींच पाण्यांत उतरतो. मळ्यांतील पोर पाठीस कोरडा भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरींत उडी घालतें, आणि दोन उन्हाळ्यांत भोपळा टाकून देतें. परंतु एका मनुष्यानें कित्येक कोस पोहावें, आणि त्याच्या पोहण्यामुळें दुसऱ्यांनीं आपली थैली मोकळी करून आजाऱ्यांच्या किंवा पोरक्यांच्या कामासाठीं पैसा द्यावा, ही रीति आपल्याकडे अद्याप फारशी परिचयाची नाहीं. ती ऐकून प्रथम मनांत प्रश्न येतो तो असा कीं, पोहण्यानें पैसा उत्पन्न होतो तरी कसा? नदी तर कोणास एक पैही देत नाहीं.

ती रीति अशी. पोहणारा आगाऊ जाहीर करतो कीं, अमुक दिवशीं अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंत मी पोहणार, आणि जें कांहीं जमेल तें अमुक कामास जाईल. मग त्याचे सोबती घरोघर, बाजारांत व शाळेंत वचनें मागत फिरतात. कोणी ठरीव रक्कम लिहून देतो. कोणी म्हणतो, किलोमीटरामागें एक रुपया देईन. पुष्कळ मंडळ्यांत बाया स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूस काढून ठेवतात आणि तें एकत्र करून धर्मकार्यास देतात. त्या मुठींत व या वचनांत जातीचा फरक नाहीं. प्रत्येकाचें थोडें असतें, परंतु तें नियमानें बांधलेलें असतें. पोहणाऱ्याचें काम एवढेंच कीं, ज्या गरजेकडे कोणाचें लक्ष जात नव्हतें तिच्याकडे सर्वांचीं तोंडें वळवावीं. नुसतें मागणाऱ्यास लोक 'पुढल्या बाजारीं पाहूं' म्हणतात. परंतु जो स्वतः दिवसभर पाण्यांत कष्ट सोसावयास तयार आहे, त्यास तसें म्हणावयास जीभ रेटत नाहीं.

या रीतीचें एक मोठें उदाहरण इंग्लंडांतील आहे. डेव्हिड वॉलियम्स हा तेथील विनोदी नट व मुलांच्या पुस्तकांचा लेखक. २००६ सालच्या जुलै महिन्यांत त्यानें इंग्लंड व फ्रान्स यांमधील इंग्लिश खाडी १० तास ३४ मिनिटांत पोहून पार केली, आणि तेवढ्यावरून धर्मकार्यास दहा लक्ष पौंडांहून अधिक पैसा मिळाला. पुढें २०११ सालीं त्यानें थेम्स नदी हातीं घेतली. ५ सप्टेंबर रोजीं तो लेचलेड गांवीं पाण्यांत उतरला आणि १२ सप्टेंबर रोजीं लंडनांतील वेस्टमिन्स्टर पुलापाशीं बाहेर आला. आठ दिवसांत १४० मैल, म्हणजे सुमारें २२५ किलोमीटर.

खानदेशच्या मनुष्यानें हें अंतर कसें समजावें? आपली तापी मध्य प्रदेशांत मुलताई येथें उगम पावून समुद्रास मिळेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहते. त्यांपैकीं महाराष्ट्राच्या वांट्यास सुमारें २२८ किलोमीटर येतात. तेव्हां नदी रावेर-मुक्ताईनगराच्या बाजूनें आपल्या मुलखांत शिरते तेथें उतरावें, भुसावळचा रेल्वेपूल, पांझरेचा संगम जेथें होतो तें मुडावद, सारंगखेडें व प्रकाशें हीं सर्व मागें टाकावीं, आणि गुजराथेच्या शिवेजवळ बाहेर यावें, तेवढें तें झालें. इतकें अंतर आठ दिवसांत पायीं चालून जाणाऱ्यासही कांहीं थोडें वाटणार नाहीं.

हा पैसा 'स्पोर्ट रिलीफ' या निधीसाठीं होता. त्यांतून इंग्लंडांतील व परदेशांतील गरिबांच्या कामांस मदत जात असे. या वेळींही दहा लक्ष पौंडांहून अधिक जमले. परंतु तें सुखासुखीं झालें नाहीं. पहिल्या दिवसांतच नदीचें पाणी पोटांत जाऊन वॉलियम्सास ओकाऱ्या व जुलाब लागले. औषध घेऊन तो पुन्हां उतरला. वाटेंत एक कुत्रें बुडत होतें तेंही त्यानें बाहेर काढलें. (वर्तमानपत्रवाल्यांनीं पोहण्यापेक्षां या कुत्र्याचीच गोष्ट अधिक हौसेनें छापली असावी असें आम्हांस वाटतें, मनुष्यस्वभावच तसा आहे.)

आतां कोणी म्हणेल, तो तर नांवाजलेला नट. आमच्या शाळामास्तरास किंवा मजुराच्या मुलास कोण विचारतो? हें खरें आहे, आणि खोटेंही आहे. नटास लाखों लोक नांवानें ओळखतात, परंतु त्याची वागणूक त्यांनीं जवळून पाहिलेली नसते. गांवच्या तरुणास तीनचार खेडींच ओळखतात, पण तीं त्याच्या आजोबांपासून ओळखतात. त्यानें उसने घेतलेले पैसे परत केले कीं नाहीं, हें त्यांस ठाऊक असतें. तेवढ्या घरांचा भरंवसा असला म्हणजे एका विहिरीचा कठडा किंवा एका आजाऱ्याची औषधें सहज होतात.

आपल्या महाराष्ट्रांतील एक उदाहरण पैशापेक्षां लोकांची दृष्टि वळविण्याचें आहे. मुंबईची जिया राय ही नौदलांतील एका सैनिकाची मुलगी. तिला स्वमग्नता म्हणून जी जन्मापासूनची स्थिति असते ती आहे. तींत बोलणें व इतरांशीं मिसळणें फार कठीण जातें. अशा मुलांस खेडोपाडीं लोक वेडीं समजतात, आणि आईबापांस दोष लावतात. बारा वर्षांच्या जियेनें १७ फेब्रुवारी २०२१ रोजीं वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर समुद्र ८ तास ४० मिनिटांत पोहून काढला, आणि हे श्रम स्वमग्न मुलांविषयींचें अज्ञान दूर व्हावें म्हणून केले. पुढें २० मार्च २०२२ रोजीं तिनें श्रीलंकेंतील तलैमन्नारपासून धनुष्कोडीजवळच्या अरिचलमुनैपर्यंत २९ किलोमीटर अंतर १३ तास १० मिनिटांत पार केलें. पहा, अंतर सात किलोमीटरांनीं कमी, आणि वेळ साडेचार तासांनीं अधिक!

या फरकांत पोहण्याचा एक मुख्य धडा आहे. पाण्यांतील अंतर हें जमिनीवरील अंतरासारखें नव्हे. भरती, ओहोटी, वारा व प्रवाह हे कधीं पोहणाऱ्याचे मजूर होतात, कधीं वैरी. १८७५ सालच्या ऑगस्टांत क्याप्टन मॅथ्यू वेब हा इंग्रज खलाशी इंग्लिश खाडी प्रथम पोहून गेला. सरळ रेघेनें ती सुमारें ३३ किलोमीटर रुंद, परंतु ओढीनें इकडेतिकडे लोटला जाऊन त्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट पोहावें लागलें, आणि २१ तास ४५ मिनिटें लागलीं. उलट बंगाल्यांत मुर्शिदाबाद जिल्ह्यांत भागीरथी नदींत ८१ किलोमीटरांची शर्यत कित्येक वर्षें होत आली आहे. ती एका दिवसांत पुरी होते, कारण तेथें प्रवाह हात देतो. स्लोव्हेनिया देशाचा मार्टिन स्ट्रेल २००७ सालीं अमेझॉन नदींत ६६ दिवसांत ५,२६८ किलोमीटर पोहला. म्हणजे रोज सरासरी ऐंशी किलोमीटर. त्याचें धैर्य थोर आहे यांत शंका नाहीं, परंतु त्या ऐंशींतील मोठा वांटा नदीचा होता.

हिशेब करून पाहूं. शांत पाण्यांत साधारण मनुष्य तासास दोन किलोमीटर पोहतो असें धरा. नदी तासास तीन किलोमीटर वेगानें वाहत असली, तर प्रवाहाबरोबर तो तासांत पांच किलोमीटर जाईल. पैकीं तीन नदीचे, दोन त्याचे. सहा तासांनीं तो तीस किलोमीटर पोहल्याचें सांगेल. परंतु त्याच सहा तासांत लांकडाचा एक ओंडका अठरा किलोमीटर गेलेला असेल, आणि ओंडक्यास कोणी हार घालीत नाहीं. याच्या उलट, बंधाऱ्यानें अडविलेल्या निश्चल पाण्यांतील दहा किलोमीटर हे सगळे दंडांच्या बळाचे असतात. म्हणून जो वचनें मागतो त्यानें अंतर, तास, आणि पाणी वाहतें कीं अडविलेलें, हीं तिन्ही जाहीर करावीं. मोठा आंकडा दाखवून वचन घेणें आणि नदीचे श्रम आपले म्हणून विकणें, ही लबाडी कायद्यांत सांपडत नसली तरी लबाडीच आहे.

किलोमीटरवारी वचन घेण्याची जी चाल आहे, ती आम्हांस फारशी पसंत नाहीं. समजा, दीडशें घरांनीं किलोमीटरामागें एक एक रुपया कबूल केला. बारा किलोमीटर झाले तर १,८०० रुपये. सातांवर थांबला तर १,०५०. आतां आठव्या किलोमीटरापाशीं पोहणाऱ्यास पेटके येऊं लागले. होडींतून सोबती म्हणतात, बाहेर ये. परंतु त्याच्या डोळ्यांपुढें आजारी मूल व ते साडेसातशें रुपये उभे असतात. जो स्वतःच्या मानासाठीं पोहतो तो कदाचित् थांबेल. जो दुसऱ्यासाठीं पोहतो त्यास थांबणें पाप वाटूं लागतें. म्हणून ठरीव रकमेचें वचन घ्यावें, आणि त्यांत स्पष्ट लिहावें कीं, पोहणारा मध्येंच बाहेर आला तरी दाता पुरी रक्कम देईल. दात्यांस हें पटविणें सोपें नाहीं. परंतु जो दाता अर्ध्यावर थांबलेल्या मनुष्याचें पुरें दान देतो, त्यानें त्या गरजेस दान दिलें. जो कापून देतो, त्यानें तमाशाचें तिकीट काढलें.

येथें आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या मुलखांत नवस फेडण्यासाठीं देहास कष्ट देण्याच्या अनेक चाली आहेत, आणि तापी तर पुष्कळांच्या दृष्टीनें पवित्र नदी. तेव्हां कोणी पोहूं लागला म्हणजे हा कसला नवस, असें लोक विचारतील. त्यांस शांतपणें सांगावें कीं, या कष्टांत पुण्य सांठविण्याचा हेतु नाहीं. देह जितका सुखरूप बाहेर येईल तितकें काम चांगलें झालें असें समजावयाचें.

वर ज्या वेबाचें नांव आलें, त्याची पुढली हकीकत सांगण्याजोगी आहे. खाडी पोहण्यापूर्वीं, १८७३ सालीं, 'रशिया' नांवाच्या आगबोटीवरून एक खलाशी समुद्रांत पडला असतां वेबानें मागें उडी घातली होती. तो खलाशी सांपडला नाहीं, परंतु त्या कृत्याबद्दल वेबास पदक मिळालें. खाडी जिंकल्यावर त्याची कीर्ति फार झाली. मग तो पैजा व खेळ करून पोट भरूं लागला. कीर्ति ओसरली तशी पैशाची चणचण आली. शेवटीं २४ जुलै १८८३ रोजीं अमेरिकेंतील नायगारा धबधब्याखालच्या भोंवऱ्यांत तो पोहावयास उतरला आणि बुडून मेला. मागें बायको व दोन लहान मुलें राहिलीं. एक मनुष्य दुसऱ्याच्या जिवासाठीं उडी घालतो, आणि तोच मनुष्य पुढें लोकांच्या डोळ्यांसाठीं उडी घालतो. पाणी दोन्हीं वेळां तेंच होतें.

आपली तापीही सौम्य नदी नव्हे. श्रावण-भाद्रपदांत तिच्यांत उतरणें हें धैर्य नसून मूर्खपणा आहे. भुसावळच्या वरच्या बाजूस हतनूर धरणास ४१ दरवाजे आहेत. वर पूर्णेच्या किंवा बऱ्हाणपुराच्या बाजूस पाऊस झाला कीं ते उघडतात, आणि येथें आकाश निरभ्र असतांही नदी पाहतां पाहतां चढते. २००६ सालच्या ऑगस्टांत याच नदीनें खालीं सुरत शहर बुडविलें. वैशाखांत उलट अडचण, मोकळ्या पात्रांत ठिकठिकाणीं गुडघाभर पाणी आणि मधून मधून डोह. राहिला काळ दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. त्या वेळीं शेळगांव, सुलवाडें, सारंगखेडें व प्रकाशें येथील बंधाऱ्यांमागें पाणी सांठलेलें व पुष्कळसें शांत असतें. परंतु शांत पाण्यांतही मासे धरण्याचीं जाळीं असतात, केळीच्या मळ्यांस पाणी उपसणाऱ्या मोटारींचे नळ असतात, आणि वाळू काढून पडलेले असे खड्डे असतात कीं, कालपर्यंत जेथें पाय टेकत होता तेथें आज पुरुषभर पाणी. बंधाऱ्याच्या भिंतीजवळ व दरवाजांजवळ तर कोणीही जाऊं नये. नदी कोणास ठाऊक असते तर त्या कांठच्या भोयास. वाट ठरवितांना नकाशा मागाहून पहावा, आधीं त्यास विचारावें. आणि पाटबंधारे खातें व पोलीस यांस कळविल्यावांचून तर आरंभच करूं नये.

शरीराविषयीं थोडें. आपल्या अंगाची ऊब सुमारें ३७ अंश असते. पाणी हवेपेक्षां ती सुमारें पंचवीसपट वेगानें ओढून घेतें. म्हणून पौष महिन्यांतील पाणी, जें घटकाभर आल्हाददायक वाटतें, तें चौथ्या तासास मनुष्यास गोठवूं लागतें. अंगाची ऊब ३५ अंशांखालीं गेली कीं आधीं कांपरें भरतें, मग जीभ जड होते, आणि मनुष्य विचारल्या प्रश्नास भलतेंच उत्तर देतो. होडींतल्यानें दर अर्ध्या तासानें त्यास सोपा प्रश्न विचारावा. उत्तर चुकलें कीं बाहेर ओढावा, त्याचें ऐकूं नये. खाडी पोहणाऱ्यांस नियम असा आहे कीं होडीस हात लावावयाचा नाहीं. अन्नपाणी काठीच्या टोंकास किंवा दोरीनें देतात. आपणांस असल्या नियमाचें कारण नाहीं. हात लावावा, दम घ्यावा, आणि मग तसें खरें लिहावें. अंगावर जखम असतां गढूळ पाण्यांत उतरूं नये. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप येतो, आणि त्यानें माणसें दगावतात.

आतां पैशाची गोष्ट, जींत चांगलीं चांगलीं कामें बुडतात. होडीचें भाडें, दोर, डॉक्टर व सोबत्यांचें जेवण यांस खर्च येतोच. तो जमलेल्या पैशांतून काढावयाचा कीं आधींच कोणा एकानें सोसावयाचा, हें पोहण्यापूर्वीं ठरवून सांगावें. आमचें मत, तो वेगळाच उभारावा. म्हणजे विधवेनें दिलेला रुपया होडीवाल्याच्या खिशांत गेला असें कोणास म्हणतां येणार नाहीं. संस्था नोंदलेली नसतां धर्मकार्याच्या नांवानें वर्गणी गोळा करावयाची असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणें धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे आधीं जावें लागतें. जळगांव व धुळें दोन्हीं ठिकाणीं तें कार्यालय आहे. त्याहून सोपी वाट ही कीं, आधींच नोंदलेल्या एखाद्या रुग्णालयाशीं किंवा अनाथालयाशीं बोलावें, आणि पावत्या त्यांच्याच नांवानें फाडाव्या. मोठ्या दात्यांस सांगून ठेवावें कीं, २,००० रुपयांहून अधिक रोख दिलेल्या देणगीस आयकरांत सूट मिळत नाहीं. पैसा ज्यानें मोजला त्यानें एकट्यानें तो घरीं नेऊं नये. आणि पोहणारा स्वतः खजिनदार तर केव्हांही होऊं नये. एकाच मनुष्याकडे टाळ्या व पेटी दोन्ही असणें बरें नव्हे. किती वचनें आलीं, किती वसूल झालीं, किती बुडालीं, हें सर्व महिनाभरांत शाळेच्या किंवा मंदिराच्या दारावर लावावें. बुडालेलीं वचनें लपवूं नयेत. नांवें मात्र लिहूं नयेत.

हा निधि कोणत्या कामास द्यावा, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवची गरज पाहून ठरवावें. परंतु पोहण्याच्या श्रमास शोभणारें एक काम आम्ही सुचवितों. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें तीन लक्ष माणसें बुडून मेलीं, आणि त्यांत लहान मुलें व तरुण पुष्कळ. आपल्याकडे धुणें धुवावयास गेलेली मुलगी, म्हशी पाजावयास गेलेला मुलगा, विसर्जनास गेलेले तरुण. अशा बातम्या दर पावसाळ्यांत येतात. बांगला देशांतील खेड्यांत तळ्यांमध्यें बांबूचे माचण बांधून, कंबरभर पाण्यांत, मुलांस पोहावयास व दुसऱ्यास वांचवावयास शिकविण्याचें काम झालें आहे. त्यास तलाव बांधावा लागत नाहीं. लागतात तें बांबू, दोर, आणि धीराचा शिकविणारा. ज्या गांवांत भोई आहे त्या गांवांत शिकविणाराही आहे. त्याच्या दिवसाची मजुरी या निधींतून निघावी. उघड्या विहिरीस कठडा, पाणवठ्यावर खुंटीस टांगलेला दोर व रिकामा बंद डबा, हींही त्यांतच येतात.

उपदेशक बंधूंनीं एवढें तरी पुढल्या सभेंत मुलांस करून दाखवावें. बुडणाऱ्याजवळ पोहत जाऊं नये. तो घाबरून गळ्यास मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधीं मोठ्यानें हांक मारून माणसें जमवावीं. मग कांठावर पालथें निजून दोर, वेळू, बैलाचें दावें, तें नसल्यास लुगडें किंवा धोतर त्याच्याकडे फेंकावें. दूर असेल तर झांकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेंकावा, म्हणजे त्यावर तो तरंगेल. बाहेर काढल्यावर पाणी ओतण्यासाठीं त्यास उलटें टांगूं नये व पोट दाबीत बसूं नये. श्वास बंद असेल तर उताणें निजवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडानें तोंडांत पांच वेळां श्वास फुंकावा. तरीही हालचाल नसेल, तर छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं जोरानें व भरभर तीस वेळां दाबावें, दोनदां श्वास फुंकावा, आणि तो श्वास घेऊं लागेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत हेंच चालूं ठेवावें. तोंवर दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी.